बनावट पत्त्याची कुळकथा

१८०५ साली लंडनमध्ये रिचर्ड हार्डिंग नावाच्या माणसाला फाशी झाली. त्याने खून केला नव्हता की दरोडा घातला नव्हता. त्याने इस्पिकचा एक्का बनवला होता. इंग्लंडात तेव्हा पत्त्यांवर जबर कर होता आणि तो भरल्याची पावती म्हणजे इस्पिकचा एक्का. बाकीचे एक्कावन्न पत्ते कारखानदाराने छापायचे, हा एक मात्र सरकारच्या मुद्रांक कचेरीतून विकत आणायचा. हार्डिंगने तो परस्पर छापला. बनावट एक्का म्हणजे बनावट सरकारी शिक्का, आणि त्याला शिक्षा एकच. आपल्याकडच्या कॅटमध्येही इस्पिकचा एक्का बाकीच्या तीन एक्क्यांपेक्षा उगाचच नटलेला असतो, तो त्या कराचा अवशेष. इंग्लंडातला कर १९६० साली गेला, वेलबुट्टी तेवढी राहिली.

जादूगाराचा बनावट पत्ता हार्डिंगच्या एक्क्याचा लांबचा भाऊबंद. तोही ब्लेड, डिंक आणि चोख नजर यांच्या जोरावर घरीच जन्मतो. फरक एवढाच की तो सरकारी तिजोरीला नाही, समोरच्या माणसाच्या डोळ्यांना फसवतो. या घराण्याचा माग काढत मागे गेलं की एक गोष्ट पुन्हा पुन्हा आडवी येते. पत्ते जसजसे एकसारखे आणि निर्दोष होत गेले, तसतसा त्यांच्यात खोटा पत्ता लपवणं सोपं होत गेलं. छापखान्याने सचोटी वाढवावी आणि लबाडाची सोय व्हावी, असा हा पाचेकशे वर्षांचा व्यवहार आहे.

युरोपात पत्ते आले ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात, इजिप्तच्या मामलुक राजवटीकडून. १३७७ मध्ये फ्लॉरेन्स शहराने त्यांच्यावर निर्बंध घातल्याची नोंद आहे, म्हणजे पत्त्यांच्या पाठोपाठ वर्दीही आलीच. हे पत्ते कागदाचे थर खळीने एकमेकांवर चिकटवून केलेले असत. थरांची ही बाब लक्षात ठेवावी. जे चिकटवलेलं आहे ते सोलता येतं, आणि पुढची निम्मी कथा या सोलण्यावर उभी आहे.

पहिली कलाकुसर जादूगारांची नव्हे, जुगाऱ्यांची. इटलीतला जेरोलामो कार्दानो हा सोळाव्या शतकातला वैद्य, गणिती आणि हाडाचा जुगारी. डावाची शक्यता गणिताने मोजणाऱ्या पहिल्या काही माणसांत त्याची गणना होते. द्यूतावरच्या त्याच्या पुस्तकात गणिताबरोबर सावधगिरीच्या सूचनाही आहेत. त्यांतली एक म्हणजे काही लोक पत्त्याला साबण चोळतात, म्हणजे तो शेजारच्या पत्त्यावरून सहज घसरतो. पुस्तक छापलं गेलं १६६३ साली, कार्दानो जाऊन ऐंशीहून अधिक वर्षं झाल्यावर. साबणाची ही युक्ती पुढे उलटी होऊन परत भेटणार आहे.

सोळाव्या शतकाच्याच अखेरचं, १५९४ च्या आसपासचं कारावाज्जोचं चित्र अमेरिकेत फोर्ट वर्थच्या किंबेल संग्रहालयात आहे. एक भाबडा श्रीमंत तरुण पत्ते खेळतो आहे, समोरच्या पोराने पाठीमागे कमरेला जादा पत्ते खोचले आहेत आणि त्याचा थोराड साथीदार भाबड्याच्या हातात डोकावून बोटांनी इशारा करतो आहे. या साथीदाराचे हातमोजे टोकांना फाटलेले आहेत. ते गरिबीमुळे फाटलेले नाहीत. पत्त्यावरची खूण उघड्या बोटाला लागावी म्हणून ते तसे, असं चित्राचे जाणकार सांगतात. मला या चित्रात सगळ्यांत जास्त पटतो तो हा मोजा. पत्ता डोळ्याने वाचायचा आणि बोटाने ओळखायचा, हे दोन वेगवेगळे उद्योग आहेत. बनावट पत्त्याचं सगळं शास्त्र प्रेक्षकाला पहिल्यात गुंतवून दुसरा आपल्याकडे ठेवण्याचं.

१५८४ मध्ये रेजिनाल्ड स्कॉट या इंग्रज गृहस्थाने चेटकिणींच्या नावाखाली चाललेल्या छळाविरुद्ध जाडजूड ग्रंथ लिहिला. चमत्कार म्हणून दाखवलं जातं ते पुष्कळदा निव्वळ हातचलाखी असते, हे पटवायला त्याने गारुड्यांच्या युक्त्याच सविस्तर सांगून टाकल्या. त्यांत एक पुस्तक आहे. फुंकर मारून पानं फरफर उलटली की सगळीकडे एकच चित्र दिसतं, पुन्हा फुंकली की दुसरंच. रहस्य पानांच्या कडेला कापलेल्या खाचांमध्ये. अंगठा ज्या खाचेवर, त्याच खाचेची पानं उघडतात आणि मधली झाकलेली राहतात. असं पुस्तक लंडनमधल्या कोणत्या दुकानात मिळेल हेही स्कॉटने सांगितलं, आणि ते दुकान त्याच्याच प्रकाशकाचं! जादूच्या सामानाची जाहिरात किती जुनी आहे ते यावरून कळावं. या खाचांच्या पुस्तकाचा नातू पुढे विसाव्या शतकात जन्मला आणि आजोबापेक्षा लाखपट विकला गेला.

पण त्याआधी निमुळता पत्ता. घरच्या घरी करायचा सर्वांत सोपा आणि जुन्यांतला जुना बनावट कॅट हाच. बावन्नही पत्ते एका टोकाला मिलिमीटरभर अरुंद कापायचे. सगळे एकाच दिशेला ठेवले की काही कळत नाही. कुणी एक पत्ता काढला, तो पाहत असताना हातातला कॅट सहज फिरवला आणि पत्ता परत आत घेतला, की त्याचं रुंद टोक इतरांच्या अरुंद टोकांत येतं. मग तो कॅट कितीही पिसा. दोन बोटं कडेवरून ओढली की नेमका तोच पत्ता हाती येतो. डोळ्यांना पट्टी बांधूनही. फ्रेंच जुगारी हे तंत्र वापरत आणि त्यांच्याकडून ते जादूगारांकडे आलं. एकाला त्याबद्दल तुरुंग, दुसऱ्याला टाळ्या.

इथे आपल्या सावंतवाडीकडे वळल्याशिवाय राहवत नाही. तिथले गंजिफा पत्ते गोल असतात. दशावतारी गंजिफेत दहा रंगांचे बारा-बारा असे एकशे वीस पत्ते, प्रत्येक हाताने रंगवलेला आणि वर लाखेचा थर. गोल पत्त्याला टोक नाही, म्हणून अरुंद टोकही नाही. फिरवला तरी तो तसाच. फ्रान्समधल्या लबाडाची सगळी विद्या चितारी मंडळींच्या एका वर्तुळापुढे निकामी झाली असती. हाताने रंगवलेले दोन पत्ते तंतोतंत सारखे निघत नाहीत, त्यामुळे एकाच्या जागी दुसरा खपवणंही कठीण. अर्थात नखाने खूण करायला गोल पत्ताही पुरतो, म्हणून आपले पूर्वज सज्जन होते असा निष्कर्ष कुणी काढू नये.

एकोणिसाव्या शतकातली या घराण्यातली सर्वांत रंजक हकिगत रोबेर-उदँ याने लिहून ठेवली आहे. हा पॅरिसचा जादूगार मुळात घड्याळजी. १८४९ मध्ये एका तपास न्यायाधीशाने त्याच्याकडे जप्त केलेले दीडशे कॅट पाठवले. ते ज्याच्याकडून जप्त झाले तो माणूस अट्टल लबाड असल्याचा संशय होता, पण पुरावा सापडत नव्हता. पत्त्यांची पाठ त्या काळच्या रीतीप्रमाणे कोरी पांढरी. रोबेर-उदँ दिवसचे दिवस भिंग लावून बसला. कडा मोजल्या, जाडी तपासली, बोटं फिरवली. काही नाही. शेवटी कंटाळून त्याने कॅट टेबलावर टाकला, आणि तिरप्या उजेडात एका पत्त्याच्या चकचकीत पाठीवर एक निस्तेज ठिपका दिसला. सरळ पाहिलं की नाहीसा, कलतं पाहिलं की हजर. मग प्रत्येक पत्त्यावर ठिपका सापडत गेला, दरवेळी वेगळ्या जागी. बत्तीस पत्त्यांच्या खेळाचा हिशेब होता तो. आडव्या बाजूचे आठ भाग मूल्य सांगत, उभ्या बाजूचे चार भाग रंग सांगत.

या अनुभवातून आणि पुढच्या शोधाशोधीतून त्याने १८६१ मध्ये पत्त्यांतल्या लबाड्यांवर पुस्तक लिहिलं. निमुळत्या पत्त्यांचं वर्णन त्यात आहे. जादूगार पोलिसांच्या बाजूने उभा राहतो आणि त्याच पुस्तकातून पुढच्या पिढीतले जादूगार शिकतात. त्यातून लबाड काय शिकले असतील ते वेगळं सांगायला नको.

कोऱ्या पाठीला डाग लगेच पडतात, म्हणून पाठीवर नक्षी आली. लंडनच्या टॉमस द ला रू याने १८३० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत पत्ते यंत्रावर रंगीत छापायचं पेटंट घेतलं आणि नक्षीदार पाठ हळूहळू सर्वत्र रुळली. डाग लपले. पण हजार वेलींच्या जाळीत एक पाकळी जास्तीची काढली तर ती कोण मोजणार? १८९४ मध्ये जॉन नेव्हिल मॅस्केलीन या इंग्रज जादूगाराने लबाडांच्या हत्यारांवर जे पुस्तक लिहिलं, त्यावरून कळतं की तोवर खुणेचे पत्ते आणि ते कापायची यंत्रं हा उघड व्यापार झाला होता. चक्क छापील माहितीपत्रकं निघत. सॅन फ्रान्सिस्कोत विल अँड फिंक ही चाकू-सुऱ्यांची पेढी पत्त्यांच्या कडा बिनचूक छाटायचं यंत्रही बनवत असे.

या सगळ्या गर्दीत मला आपला वाटतो तो व्हिएन्नाचा योहान नेपोमुक होफ्झिन्सर. १८०६ चा जन्म, पेशाने अर्थखात्यातला सरकारी नोकर. सरकारी माणसाने पैसे घेऊन जादू दाखवणं बरं दिसेना, म्हणून १८५७ पासून व्हिएन्नात त्याचे जे बैठकीतले प्रयोग होत त्यांवर नाव बायकोचं. पाहुणे मोजके, बोलणं मार्दवाचं आणि हातात कॅट. त्याच्या कॅटमधले काही पत्ते मात्र त्याने स्वतः घडवलेले असत. एखादा अर्धा एका पत्त्याच्या चेहऱ्याचा आणि अर्धा दुसऱ्याच्या, एखादा दोन्ही बाजूंनी चेहरे असलेला. पत्ता सोलायचा, नको तो थर काढायचा, दुसऱ्याचा थर तिथे बसवायचा, आणि जाडी मूळ पत्त्याएवढीच राहिली पाहिजे. अर्धा झाकला की राजा, उरलेला अर्धा झाकला की राणी.

निमुळता पत्ता जुगाऱ्याच्या उपयोगाचा होता. दुतोंडी पत्ता जुगाऱ्याच्या काडीच्या कामाचा नाही, कारण डावात पत्ता शेवटी टेबलावर टाकावा लागतो आणि कुणीही तो उचलून बघू शकतो. जादूगाराला तो क्षणभर दाखवून काढून घ्यायचा असतो. म्हणजे होफ्झिन्सरच्या हाती बनावट पत्ता जुगाराच्या अड्ड्यातून कायमचा बाहेर पडला. माझ्या मते या कुळाचा खरा मूळपुरुष तोच, बाकीचे पूर्वज. १८७५ मध्ये तो गेला. त्याच्या इच्छेनुसार बायकोने त्याचे कागद जाळून टाकले. शिष्यांच्या आठवणी आणि पत्रं गोळा करून ओटोकार फिशरने १९१० मध्ये पुस्तक काढलं, म्हणून आपल्याला एवढं तरी ठाऊक आहे. तोवर, १८७६ मध्ये, 'प्रोफेसर हॉफमन' या टोपणनावाने लिहिणाऱ्या एका इंग्रज बॅरिस्टराने बनावट पत्ते बनवण्याची कृतीसुद्धा जाड ग्रंथात घालून घराघरांत पोचवली होती.

मग अमेरिका. सिनसिनाटीच्या ज्या छापखान्याने १८८५ मध्ये 'बायसिकल' पत्ते काढले, त्याने जगाला एक निर्लेप, स्वस्त आणि सर्वांच्या ओळखीचा पत्ता दिला. १८८७ पासून चालत आलेली त्याची पाठ, सायकलवर बसलेली पंखवाली मूर्ती आणि भोवती पांढरी कड, आजही जगभरच्या जादूगारांची पहिली पसंती आहे, ती सुंदर आहे म्हणून नव्हे. ती इतकी नित्याची आहे की तिच्याकडे कुणी संशयाने पाहत नाही. शिवाय पांढऱ्या कडेमुळे उलटा पत्ता कॅटमध्ये नाकासमोर असूनही दिसत नाही.

फिलाडेल्फियाच्या सरकारी टांकसाळीत नोकरीला असलेला थिओडोर डिलँड हा गेल्या शतकाच्या आरंभीचा सर्वांत सुपीक डोक्याचा पत्ताकार. दिवसभर खऱ्या नाण्यांच्या सहवासात, उरलेला वेळ खोट्या पत्त्यांच्या. पाठीवर खुणा, कडा निमुळत्या, सगळी हत्यारं एकाच कॅटमध्ये असलेला त्याचा संच पुढे अनेक दशकं विकला गेला. डिलँडची शेवटची वर्षं मनोरुग्णालयात गेली. १९३१ मध्ये तो वारला. आज दुकानात मिळणाऱ्या गमतीच्या पत्त्यांपैकी कितीतरी त्याच्या डोक्यातले आहेत आणि बहुतेकांवर त्याचं नाव नाही.

स्कॉटच्या पुस्तकातल्या खाचांचा नातू म्हटलं होतं तो 'स्वेंगाली' कॅट. १९०९ मध्ये बर्लिंग हल या अमेरिकन जादूगाराने तो बाजारात आणला आणि तो आपलाच असल्याचा दावा आयुष्यभर केला. त्यात सव्वीस पत्ते वेगवेगळे आणि सव्वीस एकच, समजा बदामची राणी. या राण्या केसभर आखूड कापलेल्या आणि एकाआड एक लावलेल्या. पुढून फरफरवला तर सगळे वेगवेगळे पत्ते दिसतात. कुणी कुठेही बोट घालून थांबवलं तर निघते राणी. मग टिचकी वाजवा आणि पुन्हा फरफरवा, सगळ्याच राण्या.

घरी हा कॅट करायचा तर पंचाईत कात्रीची नाही. एक मिलिमीटर कोणीही कापेल. पण सव्वीस बदाम राण्या आणायच्या कुठून? एका कॅटमध्ये एकच. सव्वीस कॅट विकत घेऊन उरलेल्या पत्त्यांचं करायचं काय? म्हणूनच निमुळता पत्ता शतकानुशतकं घराघरांत होत राहिला आणि स्वेंगाली जन्मला तो छापखाना हाताशी आल्यावरच. एकदा जन्मल्यावर मात्र त्याने जत्रा गाठली. शिकागोच्या मार्शल ब्रोडिनने १९६९ च्या सुमारास तो दूरचित्रवाणीवर विकायला काढला आणि लाखो अमेरिकन घरांत पोचवला. आपल्याकडे जत्रेत नि रस्त्याच्या कडेला 'जादूचे पत्ते' म्हणून हाच विकतात. विकणारा इतक्या सफाईने दाखवतो की माणूस घरी येऊन पाकीट फोडतो आणि खट्टू होतो. खेळ पत्त्यांत असतो तेवढाच विकणाऱ्याच्या जिभेत असतो, आणि जीभ पाकिटात मिळत नाही.

राहिली कार्दानोच्या साबणाची उलटी बाजू. साबणाने पत्ता घसरतो, तर खरखरीत केलेला पत्ता दुसऱ्या खरखरीत पत्त्याला धरून ठेवतो. अमेरिकेत १९३६ मध्ये जो बर्गने एक कॅट काढला ज्यात पत्ते जोडीजोडीने असे बिलगलेले असतात. अंगठा हलका ठेवला तर जोडी एकच पत्ता म्हणून सरकते, जरा दाबला तर सुटते. समोरच्याने मनात धरलेला पत्ता तेवढा कॅटमध्ये उलटा दिसतो. हाच पुढे 'अदृश्य कॅट' म्हणून जगभर गाजला. जोड्या कशा लावायच्या ते इथे सांगत नाही. ज्याला गरज आहे तो शोधून काढेल आणि शोधायचे कष्टच त्याला सरावाला लावतील.

हा खरखरीतपणा आणायला पूर्वी पातळ व्हार्निश लागे. आता रंगाच्या दुकानातला मॅट स्प्रेचा डबा पुरतो. हातभर अंतरावरून एक हलका फवारा, वाळू द्यायचा, मग दुसरा. घाई केली की पत्ता ओला होतो आणि पापड होतो. दुतोंडी पत्ता करायचा असेल तर पत्त्याच्या कोपऱ्याला ब्लेडने थर सुटा करायचा आणि अगदी सावकाश, पत्ता फार न वाकवता, सोलत जायचं. चेहऱ्याचा थर एका बाजूला, पाठीचा दुसऱ्या बाजूला. मग दोन चेहरे एकमेकांना चिकटवायचे. नुसते दोन अख्खे पत्ते चिकटवले तर जाडी दुप्पट होते आणि आंधळ्यालाही कळते. फेव्हिकॉल टाळावा. त्यातल्या पाण्याने कागद फुगतो आणि पत्ता वाळल्यावर वाकतो. काडीचा कोरडा डिंक किंवा रबर सोल्युशन चालतं. चिकटवल्यावर दिवसभर शब्दकोशाखाली ठेवायचा. मोल्सवर्थ असेल तर उत्तम. आखूड पत्ता कापल्यावर त्याचे कोपरे पुन्हा गोल करावे लागतात, त्याला नेलकटर पुरतं, आणि टोकदार राहिलेला कोपरा हीच घरच्या कामाची पहिली चुगली असते. संपूर्ण प्लॅस्टिकचे पत्ते यातल्या सोलण्याच्या कामाला निरुपयोगी, त्यांना थरच नसतात.

सोलणारा पत्ता एकदा जादूगारापेक्षा मोठ्या कामाला आला आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांच्या कैदेतल्या दोस्त सैनिकांना पाठवायला सिनसिनाटीच्या त्याच कारखान्याने गुप्तहेर खात्यासाठी खास कॅट बनवले. पत्ता पाण्यात भिजवला की थर सुटत आणि आत नकाशाचा तुकडा निघे. सगळे तुकडे जुळवले की पळून जायची वाट.

अलीकडे परत सगळं घरी आलं आहे. इंकजेट प्रिंटरवर पारदर्शक चिकट कागद छापून साध्या पत्त्यावर हवं ते चिन्ह चढवता येतं. धारदार ब्लेडने शाई खरवडून नको ते चिन्ह पुसता येतं. कारखाने मागणीनुसार विचित्र पत्ते छापून देतात, कोऱ्या चेहऱ्याचे, दोन्ही बाजूंनी पाठ असलेले. त्यामुळे हातकाम कमी होईल असं वाटलं होतं, पण हौशी मंडळी अजून ब्लेड घेऊन बसतात, कारण डोक्यात आलेली युक्ती कारखान्याच्या यादीत नसतेच.

ज्यांना करून बघायचं आहे त्यांनी सुरुवात निमुळत्या कॅटने करावी. एकाच बनावटीचे, एकाच पाठीचे दोन स्वस्त कॅट आणा. एक कापा, दुसरा तसाच ठेवा, म्हणजे खेळ झाल्यावर तपासायला देता येईल. कापताना दहा-दहा पत्ते एकदम न घेता दोन-दोन घ्या आणि पातं नवं वापरा. आणि दिवाळीत घरात तीन पत्ती रंगणार असेल तर तो कॅट आधी कपाटात टाकून कुलूप लावा. पैशाच्या डावात तो सापडला तर जादूचा खुलासा कुणी ऐकून घेत नाही.